लोणारचा अर्क आणि 'केबी' पेशी : एका रूढ निष्कर्षाची चिकित्सा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या सूक्ष्मजंतूंवर आपल्याकडे जे प्रबंध व शोधनिबंध लिहिले जातात, त्यांपैकी काहींच्या अखेरच्या प्रकरणात एक विधान थोड्याफार फरकाने आढळते. सरोवराच्या पाण्यातून किंवा गाळातून अमुक जंतू वेगळा केला, त्याचा अर्क काढला, तो कर्करोगाच्या पेशींवर घातला, पेशींची संख्या घटली. सबब या अर्कात कर्करोगविरोधी गुणधर्म आहे. पेशी 'केबी' नावाच्या असल्या की त्यापुढे आणखी एक वाक्य येते: विदर्भात तंबाखूच्या सेवनामुळे मुखाचा कर्करोग फार असल्याने या निष्कर्षास विशेष महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात या दोन वाक्यांचीच तपासणी करावयाची आहे. पहिले वाक्य घाईचे आहे. दुसरे, पेशी केबी असतील तर, सरळ चुकीचे आहे. प्रस्तुत लेखकानेही परीक्षक या नात्याने असे निष्कर्ष पूर्वी आक्षेप न घेता मान्य केले आहेत, हे येथेच नमूद करणे उचित.

ज्या आशेने हे काम हाती घेतले जाते ती आशा निराधार नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. मातीतील स्ट्रेप्टोमायसिस वंशाच्या जंतूंनी वैद्यकाला ॲक्टिनोमायसिन, ब्लिओमायसिन आणि डॉक्सोरुबिसिन ही कर्करोगावरील औषधे दिली. वॅक्समन यांनी ॲक्टिनोमायसिन वेगळे केले ते १९४० साली. मग बेसाल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात, जेथील पाण्याचा पीएच दहाच्या आसपास असतो, तेथील जंतूंनी काही निराळे द्रव्य घडविले असावे, असे मानण्यात गैर काय? आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या कामावरून या सरोवरातील संवर्धनक्षम जंतूंची विविधता पुरेशी स्पष्ट झाली आहे. २०२० च्या जून महिन्यात पाणी गुलाबी झाले तेव्हा लवणप्रिय आर्किया व त्यांची रंगद्रव्ये यांकडेही सर्वांचे लक्ष गेले. शोधण्यासारखे तेथे आहेच. प्रश्न आहे तो शोधल्यानंतर काय सिद्ध झाले याचा.

आता केबी पेशींकडे वळू. प्रयोगशाळेत ज्यांना सेल लाइन म्हणतात, त्या पेशींच्या अखंड वाढणाऱ्या वंशांचा इतिहास हेला पेशींपासून सुरू करावा लागतो. १९५१ साली बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून या पेशी वाढविण्यात आल्या. याच गाय यांच्याकडे पुढे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतकसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आपल्याकडील पेशीविज्ञानाची परंपरा अशी थेट त्या प्रयोगशाळेशी जोडलेली आहे. म्हणून तेथून निघालेल्या पेशींचे पुढे काय झाले हे तरी आपण विसरू नये.

हेला पेशी इतक्या वेगाने व इतक्या चिवटपणे वाढतात की एखाद्या पिपेटच्या टोकाला राहिलेला थेंब दुसऱ्या बाटलीत पडला तर काही आठवड्यांत मूळच्या पेशी नाहीशा होऊन बाटलीत केवळ हेलाच उरतात. बाटलीवरचे नाव मात्र तेच राहते. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी एका विकराच्या प्रकारावरून दाखवून दिले की, निरनिराळ्या ऊतकांतील म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन वस्तुतः हेलाच आहेत. १९५० च्या दशकात हॅरी ईगल यांनी मुखाच्या कर्करोगातून काढलेली म्हणून नोंदविलेली केबी ही त्यांपैकीच एक. स्वरयंत्राची म्हणून ओळखली जाणारी हेप-२ हीही तशीच. डीएनएच्या खुणांवरून हे पुढे निर्विवाद ठरले असून पेशीसंग्रहांच्या सूचींत तशी नोंद असते. तरीही केबीला मुखकर्करोगाचे प्रतिरूप मानून लिहिलेले निबंध थांबलेले नाहीत.

यावर कोणी म्हणेल, कर्करोगाची पेशी ती कर्करोगाची पेशी; मुखातली असो की गर्भाशयमुखातली, अर्काने ती मेली हे पुरेसे नाही का? पुरेसे नाही, आणि का नाही हे रेणूंच्या पातळीवर पाहिल्याशिवाय कळणार नाही.

हेला पेशीच्या केंद्रकात मानवी पॅपिलोमा विषाणूच्या अठराव्या प्रकाराची जनुके कायमची गुंफली गेलेली आहेत. त्यांतील ई-६ हे प्रथिन पेशीच्या पी-५३ या प्रथिनाला गाठून त्याच्यावर नाशाची खूण चिकटवविते व पेशीतील विघटनयंत्रणा त्याचा फडशा पाडते. ई-७ हे दुसरे प्रथिन आरबी या नियंत्रक प्रथिनाला निकामी करते. डीएनएला इजा झाली असता विभाजन थांबविणे, इजा दुरुस्त होण्याजोगी नसेल तर पेशीला आत्मनाशाकडे नेणे, हे पी-५३ चे काम. हेलात या प्रथिनाचे जनुक शाबूत आहे. केवळ प्रथिन टिकत नाही. म्हणजे पहारेकरी जिवंत आहे, त्याला रोज कोणी तरी बाहेर घालवून देते एवढेच.

तंबाखू-चुना, सुपारी, गुटखा, खर्रा यांच्या सेवनातून गाल व हिरड्यांच्या सांध्यात जो कर्करोग उद्भवतो त्याची घडण याहून वेगळी आहे. तंबाखूतील नायट्रोसअमाइन द्रव्यांपासून शरीरात बनणारे क्रियाशील रेणू डीएनएला चिकटतात आणि पेशीविभाजनाच्या वेळी त्या जागी चुका होतात. अशा चुका पी-५३ च्या जनुकातच पुष्कळदा झालेल्या आढळतात. २०१३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पाच्या भारतीय गटाने याच प्रकारच्या अर्बुदांचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. पी-५३ बरोबरच एफएटी-१, कॅस्पेस-८, एचरास व नॉच-१ यांच्या जनुकांतील उत्परिवर्तने त्यात ठळकपणे दिसली. येथे पहारेकरीच बदललेला आहे. शिवाय कॅस्पेस-८ हे आत्मनाशाच्या एका मार्गावरील आरंभीचे विकर. त्याचे जनुक बिघडलेल्या अर्बुदात तो मार्ग बंद किंवा अरुंद झालेला असू शकतो.

आता लोणारच्या अर्काकडे पुन्हा पाहा. समजा, अर्काने केबी पेशींतील पी-५३ चे प्रमाण वाढले व पेशी आत्मनाशाकडे गेल्या. प्रबंधात हे मोठ्या समाधानाने लिहिले जाईल. पण हेलात पी-५३ वाढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विषाणूच्या ई-६ चे उत्पादन मंदावणे! पेशीतील लेखनक्रिया सर्वसाधारणपणे मंदावविणारे कोणतेही विष हे करू शकेल. ज्या अर्बुदात हा विषाणू नाही आणि पी-५३ मुळातच बिघडलेले आहे, तेथे या परिणामाला आधारच उरत नाही. निष्कर्ष तंबाखूच्या कर्करोगाचा म्हणून सांगितला. पुरावा मात्र गर्भाशयमुखाच्या विषाणुजन्य कर्करोगाचा होता. बुलढाण्याच्या रुग्णालयात तोंड उघडत नाही म्हणून आलेल्या माणसाशी त्या पुराव्याचा संबंध जोडता येत नाही.

दुसरे पर्याय नाहीत असेही नाही. मुंबईत १९९० साली मुखाच्या अर्बुदांपासून नव्या सेल लाइन तयार करण्यात आल्या. जिभेच्या कर्करोगाची एडब्ल्यू-१३५१६ ही त्यांतील आज बरीच वापरात असलेली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशी मागविण्याची सोय विदर्भातील विभागांना परिचित आहे. पेशी कोठूनही आणल्या तरी प्रयोगाच्या आरंभी व अखेरीस त्यांची डीएनए-ओळख करून घेणे आणि मायकोप्लाझ्माची बाधा तपासणे यात आता अवघड असे काही राहिलेले नाही.

एमटीटी चाचणीविषयी थोडक्यात. पिवळ्या टेट्राझोलियम क्षाराचे जांभळे फॉर्मझान करण्याची पेशींची क्षमता ही चाचणी मोजते. जांभळा रंग कमी झाला याचा अर्थ पेशी मेल्या, किंवा वाढ थांबली, किंवा चयापचय मंदावला. यांपैकी काय घडले हे तो रंग सांगत नाही. लोणारच्या बाबतीत एक खास धोका आहे. हे जंतू सोडियम कार्बोनेट घातलेल्या, अल्कधर्मी माध्यमात वाढविले जातात. अर्क म्हणून तोच द्रव गाळून घेतला असेल तर त्यातील क्षार व अल्कता यांनीच पेशी आजारी पडतील. पेशींच्या माध्यमातील फिनॉल रेड गडद गुलाबी झाला की विद्यार्थ्याने तेथेच थांबावयास हवे. जंतू न घालता तसेच ठेवलेले माध्यम त्याच मात्रेत पेशींवर घालून पाहणे हा नियंत्रण-प्रयोग अत्यंत स्वस्त आहे. आणि, का कोण जाणे, तोच सर्वांत जास्त वगळला जातो. निरोगी मानवी पेशींवरील परिणामाची तुलना नसेल तर 'कर्करोगविरोधी' ऐवजी 'पेशीनाशक' हाच शब्द योग्य. फिनाइलही पेशीनाशक आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची पद्धत येथे आठवते. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या निबंधात भारतातील विशिष्ट सवयी व त्यांतून उद्भवणारे कर्करोग यांची सांगड घातली होती. धोतराच्या गाठीखालील कर्करोगाचे वर्णन त्यात आहे. रोग कोणत्या ऊतकात, कोणत्या सवयीने झाला, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आपल्या प्रबंधांत ही सवय प्रस्तावनेत येते आणि पेशी निवडताना गळून पडते.

लोणारच्या जंतूंकडून औषधाची अपेक्षा करावयाची तर यंत्रणा आधी ठरवून शोध घेणारा मार्ग प्रस्तुत लेखकास अधिक आशादायक वाटतो. ॲस्परॅजिनेज हे उदाहरण घ्या. १९५३ साली जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तरसाने उंदरांतील लिम्फोमा मागे हटताना दिसला. १९६१ साली ब्रूम यांनी त्याचे श्रेय रक्तरसातील ॲस्परॅजिनेज या विकराला दिले. तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगाच्या पेशींना ॲस्परॅजिन स्वतः पुरेसे तयार करता येत नाही, निरोगी पेशींना येते. फरक नेमका आहे, म्हणून मारा नेमका होतो. अल्कप्रिय जंतूत हे विकर आढळले तर प्रबंधात बहुधा पीएच नऊ-दहाला त्याची क्रिया किती, हे अभिमानाने दिले जाते. रुग्णाच्या रक्ताचा पीएच ७.४ आहे, आणि रक्तात ॲस्परॅजिनचे प्रमाण लिटरला मिलिमोलच्या विसाव्या भागाएवढेच, म्हणजे सुमारे ५० मायक्रोमोल. तेव्हा विचारावयाचे ते इतकेच: ७.४ ला, इतक्या विरल द्रावणात, हे विकर काम करते का. आणि ग्लुटामिनचेही विघटन करून ते यकृताला व स्वादुपिंडाला कितपत उपद्रव देईल? ही तीन मापने सामान्य वर्णमापकावर होतात, आणि त्यांसाठी कर्करोगाच्या एकाही पेशीची गरज नाही.