निस्तार म्हणजे सवलत नव्हे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलावर काम करायचं ठरवलंत, की जुन्या कागदांत एक शब्द हमखास भेटतो : निस्तार. पुण्या-मुंबईकडच्या विद्यार्थ्याला लगेच 'निस्तरणे' आठवतं. म्हणजे घोळ निस्तरायचा, तोही बहुधा दुसऱ्याने घातलेला! पोथ्यांत निस्तार म्हणजे उद्धार, सुटका. मुळाशी संस्कृत धातू 'तॄ', तरून जाणे.

इकडे मात्र निस्तार म्हणजे चुलीचं सरपण, घराचं लाकूड, कुंपणाच्या काट्या, गुरांची चराई. माझ्या मते मूळ अर्थ इथे तुटलेला नाही. ज्यावर घराचं वर्ष तरून जातं, तो निस्तार.

आता तक्रार. बरेच जण प्रबंधात कंस करून 'निस्तार (सवलत)' असं लिहून मोकळे होतात. सवलत देणारा कुणीतरी असतो आणि तो ती काढूनही घेऊ शकतो. कागद काय सांगतात बघा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी-जमीनदारी गेली, तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 161 मध्ये निस्तार पत्रक आलं. ते जिल्हाधिकारी तयार करतो हे खरं, पण गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने तर निस्तार नाव घेऊनच सामुदायिक हक्कांत घातला. तुमच्या एका कंसाने हा हक्क परत मेहेरबानी होतो.

उलटी गडबडही होते : जंगलातून आणलेलं सगळंच निस्तार. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामुदायिक हक्क मिळाला. घरासाठी बांबू तोडला तर तो निस्तार. पण 2011 मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूचे वाहतूक परवाने आले, ते विक्रीसाठी. तिथे हक्क वेगळा : गौण वनोपजाच्या मालकीचा. जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क तर याहून निराळा, त्याच कायद्यात स्वतंत्र लिहिलेला. तिन्ही एका शब्दात कोंबलेत, तर ग्रामसभेने नेमकं काय मिळवलं ते प्रबंधात दिसणारच नाही.

म्हणून गावात गेलात की निस्तार पत्रक मागा, आणि वहीत हा शब्द कुणाच्या तोंडचा आहे तेही टिपा. तलाठ्याचा निस्तार, वनरक्षकाचा निस्तार आणि सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईचा निस्तार, तिन्ही नोंदी वेगवेगळ्या ठेवा.