न मागितलेली साक्ष

'किंग लिअर'मधील थोरल्या दोन मुली इतक्या निष्ठुर का झाल्या, या प्रश्नाचे उत्तर शेक्सपिअर देत नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मुळे (१९७०) मराठी रसिकमनातही ही कथा पित्याच्या व्यथेची म्हणूनच रुजली. जेन स्मायली या अमेरिकन लेखिकेने 'अ थाउजंड एकर्स' (१९९१) या कादंबरीत तीच कथा थोरल्या मुलीच्या तोंडून सांगितली आणि दोषारोपाची दिशा पालटली. १९९२ चे पुलित्झर पारितोषिक या कादंबरीस लाभले.

कथेचा काळ १९७९ चा. आयोवा राज्यातील लॅरी कुक हा शेतकरी आपली हजार एकर जमीन तिन्ही मुलींच्या हवाली करावयास निघतो. वकील असलेली धाकटी कॅरोलाइन शंका व्यक्त करते आणि वगळली जाते. पुढे पिता बिथरतो व तिच्याच साहाय्याने जिनी आणि रोझ या थोरल्या मुलींवर दावा गुदरतो. त्या दाव्याच्या तळाशी एक गुपित आहे. आईच्या मृत्यूनंतर, कोवळ्या वयात, या दोघींवर पित्याने लैंगिक अत्याचार केले होते. रोझ ते विसरू शकलेली नाही. निवेदिका जिनीच्या स्मृतीतून मात्र ते पार पुसले गेले आहे. लहानपणीच्या बिछान्यावर ती पुन्हा आडवी होते, तेव्हाच ती स्मृती उसळून वर येते. ही जमीन मुळात पाणथळ. जमिनीखाली नळ्या घालून तिचा निचरा केलेला. वर सुपीक माती आणि खाली वाहते दूषित पाणी, हे चित्र कुटुंबाचेही आहे.

न्यायालयापुढील प्रश्न मात्र शेतीच्या व्यवस्थेपुरताच मर्यादित आहे. वकिलाच्या सल्ल्यानुसार जिनी घर, अंगण आणि स्वतःचे वर्तन निष्कलंक दिसेल याची दक्षता घेते. ज्या 'चांगले दिसण्या'ने अत्याचार झाकला, तेच आता बचावाचे साधन ठरते, हा या कादंबरीतील सर्वांत भेदक उपरोध होय. साक्ष देताना लॅरीचे भान ढळते आणि दावा फेटाळला जातो. थोरल्या बहिणी जिंकतात; परंतु त्यांच्यापाशी असलेली खरी साक्ष कोणी मागितलेलीच नसते.

मत्सरापोटी जिनी रोझवर विषप्रयोग योजते, तो भाग मूळ नाटकाच्या आराखड्याला जखडलेला वाटतो. लॅरीच्या अंतरंगातही लेखिका शिरत नाही. पण ही उणीव निवेदनपद्धतीतूनच आलेली आहे : ज्याने कधी कबुली दिली नाही, त्याचे मन जिनीला कोठून कळावे?

रोझ कर्करोगाने जाते, कर्जापायी जमीनही जाते. घरातील वस्तूंची वाटणी करण्यासाठी जिनी आणि कॅरोलाइन अखेरच्या भेटतात. ज्या अत्याचाराची झळ कॅरोलाइनला लागली नाही, तो ऐकण्याची तिची तयारी नाही. जिनीही तो सांगत नाही. दोघींपुढे उरतात ती केवळ वाटून घ्यावयाची भांडीकुंडी आणि छायाचित्रे.