काचेतला गड आणि मातीतला गड

गोष्ट सांगणाऱ्याच्या हाती काही ना काही साधन असतेच. कीर्तनकाराच्या हाती चिपळ्या, शाहिराच्या हाती डफ, आणि पिंगुळीच्या चित्रकथ्यासमोर रंगवलेल्या चित्रांची पोथी. आता त्या पंक्तीला मोबाइल येऊन बसला आहे. पडक्या वास्तूसमोर तो धरला की त्याचा कॅमेरा समोरची भिंत ओळखतो, आपण कोठे उभे आहोत आणि कोणीकडे वळलो आहोत याचा हिशेब करतो, आणि भिंतीच्या जागी तिचे जुने रूप काचेवर उभे करतो. इंग्रजीत याला ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ म्हणतात. आपल्याकडे ‘संवर्धित वास्तव’ असा शब्द निघाला आहे. शब्द जड असला तरी वस्तू पोरासोरांच्या हाती कधीच पोहोचली आहे. तेव्हा कादंबरीला किंवा नाटकाला आपण जी कसोटी लावतो, ती या नव्या कथनकलेलाही लावून पाहणे योग्य होईल.

ग्रीस देशातले ऑलिंपिया हे या कलेचे एक जुने क्षेत्र. ज्या मैदानावर प्राचीन ऑलिंपिक खेळ होत, तेथे २००० सालानंतर लवकरच ‘आर्किओगाइड’ नावाचा प्रयोग झाला. प्रवाशाने डोळ्यांवर यंत्र चढवायचे, संगणकाचे ओझे पाठीवर घ्यायचे, आणि हेरा देवीच्या पडक्या मंदिरासमोर उभे राहून ते अखंड पाहायचे! पुढे २०२१ साली ग्रीसचे संस्कृती मंत्रालय आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तेथल्या २७ वास्तू अशाच उभ्या केल्या. आता ओझे उरले नाही. खिशातला फोन पुरला.

या कामाचा मोठा गुण आधी सांगितला पाहिजे. येथे एकही दगड हलवावा लागत नाही. डागडुजीच्या नावाखाली जुन्या भिंतींवर सिमेंट थापलेले आपण काय थोडे पाहिले आहे? त्या मानाने हे साधन सोवळ्यातले. शिवाय गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजीलाही घरबसल्या मंदिर पाहता येते, हा लाभ लहान नव्हे.

दोष आहे तो वेगळ्या ठिकाणी. ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरात फिडियसने घडवलेली भव्य मूर्ती होती. आज तिचा तुकडाही उरलेला नाही. ती कशी होती हे आपल्याला कळते ते मुख्यतः पॉसेनियास या जुन्या प्रवाशाच्या वर्णनावरून आणि काही नाण्यांवरून. शब्दांत सांगणाऱ्याला ‘म्हणतात’, ‘असावी’, ‘बहुधा’ असे म्हणून सत्याचा मान राखता येतो. चित्राच्या व्याकरणात ‘असावी’ हे क्रियापदच नाही. जे खात्रीचे आणि जे अंदाजाचे, ते दोन्ही काचेवर सारख्याच तेजाने झळकते. हा धोका जाणकारांनीही ओळखला होता. अशा चित्रांत पुरावा कोणता आणि तर्क कोणता हे प्रेक्षकाला कळले पाहिजे, असा दंडक २००६ सालच्या ‘लंडन सनदे’ने घालून दिला. पण हौशी चित्रकाराच्या हातून तो पाळला जाणे कठीण.

याच मंदिराच्या आवारात याहून चांगला कथाकार उभा आहे. भूकंपाने कोसळलेल्या खांबांचे प्रचंड तुकडे तेथे कापलेल्या काकडीच्या चकत्यांसारखे पडले आहेत. २००४ साली त्यांतला एकच खांब पुन्हा उभा करण्यात आला. त्या एका खांबावरून डोळा मंदिराची उंची मापतो आणि उरलेले मंदिर मनात बांधतो. किती दाखवावे आणि कोठे थांबावे, याचा असा वस्तुपाठ क्वचितच मिळतो.

मग मुलांनी काय करावे? नुसते पाहावे? १९९५ साली नॉर्वेतल्या बर्गन येथे युनेस्कोने जागतिक वारशासाठी तरुणांचा मेळावा भरवला. तेथे स्पॅनिश बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने ‘पात्रिमोनितो’ नावाचा चिमुकला वारसा-रक्षक निर्माण केला. पुढे २००२ पासून त्याच्या साहसांचे चित्रपट निघू लागले, आणि त्यांच्या कथाचित्रांचे आराखडे मुलांकडूनच मागवले गेले. वारशाच्या जागेची गोष्ट मुलांनी रचायची आणि कसबी माणसांनी तिला रूप द्यायचे, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. नव्या यंत्रालाही तीच लागू पडावी.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. या दिवसांत अंगणाअंगणांतून विटा, गोणपाट आणि चिखल यांचे गड उठले आहेत. हळिवाचे रान उगवले आहे. मावळ्याहून वाघ लहान आहे, आणि त्याची खंत कोणालाही नाही. हा रायगड नव्हे, हे मुलाला पक्के ठाऊक असते. तरी बुरूज येथेच का आणि दरवाजा वळणावरच का, यावर ते शेजारच्या पोराशी हमरीतुमरीवर येते. त्या भांडणात इतिहासाचा अभ्यास होतो.

खऱ्या रायगडावर काय उरले आहे? १८१८ सालच्या इंग्रजांच्या तोफांनी वाडे जळाले, जोती राहिली. २०२५ साली मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून हा गडही जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या जोत्यांवर कोणी झगमगता महाल उभा करून दिला, तर मुले ‘वा!’ म्हणतील आणि पुढे चालू लागतील. शाळेची मुले गडावर नेणाऱ्या कोणाही मास्तरला विचारा. सिंहासनाविषयी ती फारसे विचारीत नाहीत. एवढ्या माणसांना पाणी कोठून मिळे, भाकरी कोण भाजी, पावसाळ्यात सरपण कोठे ठेवीत, हे विचारतात. दरबाराच्या चित्रात पाणक्याला जागा नसते. मुलाच्या गोष्टीत असते. गंगासागराच्या काठावर तिसरीतल्या मुलाच्या आवाजात त्या पाणक्याची गोष्ट ऐकू आली, काचेवर फक्त एक घागर दिसली, आणि ‘हे आमचे अनुमान’ असे खाली लिहिले असले, तर यंत्राचे सार्थक झाले. हिरकणीची आख्यायिका सांगायची तर तिचा चेहरा दाखवूच नये. काच काळी ठेवावी आणि दगडावरून घसरणाऱ्या पावलांचा आवाज ऐकवावा. तिचा चेहरा प्रत्येक मूल आपल्या आईचा घेईल.

दिवाळीच्या सुट्टीत अनेक कुटुंबे गडांकडे निघतील. आईबापांनी एवढे करावे: मोबाइल थोडा वेळ खिशात ठेवावा आणि जोत्यावर बसून मुलांना विचारावे, ‘येथे काय असेल, सांग पाहू?’ त्यांचे सांगून झाले की मग हवे तर काच उघडावी. तोवर काचेतल्या महालाशी वाद घालायला मुलांजवळ स्वतःचे काहीतरी तयार झालेले असेल.