फाळाची धार आणि सूत्राचा मोह

धनुष्यबाणाने मोठ्या जनावरांची शिकार करताना बाणाला कोणता फाळ लावावा, या प्रश्नावर अमेरिकेत गेल्या शंभर वर्षांत भरपूर लेखन झाले आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती असावी असेच आमचे मत आहे. तरीही हे लेखन आम्ही मुद्दाम वाचले. कारण त्यातला मुख्य वाद शाळेत शिकवल्या जाणाऱ्या दोन सूत्रांवर उभा आहे. एक गतिज ऊर्जेचे आणि दुसरे संवेगाचे. फरक इतकाच, की वर्गात उत्तर चुकले तर दोन गुण जातात. इथे उत्तर चुकले तर पोटात बाण घेऊन एखादे हरीण रानात पळते आणि दोन दिवसांनी कुठेतरी झुडपात मरते. सूत्र वापरणाऱ्याची जबाबदारी काय असते, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे उदाहरण आम्हाला दुसरे सुचत नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आधुनिक अमेरिकेतील धनुर्विद्येची सुरुवात सॅक्स्टन पोप या सॅन फ्रान्सिस्कोतील शल्यचिकित्सकापासून मानतात. ‘याही’ या आदिवासी जमातीतला शेवटचा माणूस इशी हा १९११ साली बाहेरच्या जगात आला. त्याच्यावर उपचार करता करता पोप त्याचा शिष्य बनला. इशीचे फाळ ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीतून निघणाऱ्या नैसर्गिक काचेचे असत. पोपने गाईच्या यकृतावर हरणाचे कातडे ताणून त्यावर काचेचे आणि पोलादी फाळ मारून पाहिले. काचेचा फाळ अधिक खोल गेला! धनुष्य तेच, अंतर तेच. फरक धारेचा होता. पोपचे पुस्तक १९२३ साली निघाले. पुढे १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुर्धरांसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम ठेवला. १९६९ मध्ये चाके आणि दोऱ्या असलेल्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मंजूर झाले आणि बाणांचा वेग झपाट्याने वाढला.

वेग वाढला तसा तो विकलाही जाऊ लागला. वेगाचा वर्ग करून मिळणारी गतिज ऊर्जा जाहिरातीत फार शोभून दिसते. ‘हरणाला इतकी ऊर्जा हवी, अस्वलाला इतकी, गव्याएवढ्या प्राण्याला इतकी’ अशी कोष्टके तयार झाली. फाळ निवडताना आजही पुष्कळ लोक याच कोष्टकांकडे पाहतात.

ही कोष्टके आम्हाला का पटत नाहीत, ते एका हिशेबाने सांगतो. आजच्या धनुष्यातून सुटणारा हलका बाण सुमारे २६ ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याचा वेग सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास असू शकतो. त्याची गतिज ऊर्जा येते सुमारे ९४ ज्यूल. आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकणारा गोलंदाज घ्या. त्या चेंडूची ऊर्जा येते सुमारे १२१ ज्यूल. म्हणजे शिकारीच्या बाणापेक्षा जास्त! संवेग पाहिला तर चेंडूचा संवेग बाणाच्या जवळजवळ तिप्पट आहे. पण चेंडू लागून हरीण मरत नाही. फार तर एखादी बरगडी मोडेल. तसेच लहान .२२ रायफलच्या गोळीची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल असते, तरी तिने हरीण मारायला अमेरिकेतील अनेक राज्यांत मनाई आहे.

यावरून उघड आहे, की बाणाचे काम ऊर्जेच्या धक्क्याने होत नाही. मोठ्या रायफलची गोळी हजारो ज्यूल ऊर्जा शरीरात सोडून आजूबाजूच्या ऊती फाडते. बाण कापतो. त्याने फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या तर रक्तस्राव होऊन प्राणी काही सेकंदांत शुद्ध हरपतो. त्यामुळे फाळाबद्दल विचारायचे प्रश्न असे: तो आत किती खोल जातो, वाटेत किती रुंद कापतो, आणि हाडावर आपटून मोडतो की टिकतो? कोष्टकातला आकडा यांपैकी एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर देत नाही.

या कोष्टकांना सर्वांत चिकाटीने विरोध केला तो डॉ. एड ॲशबी यांनी. त्यांचे अहवाल हाच या लेखाचा मुख्य विषय. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या नाताल प्रांतात त्यांनी निरीक्षणांना सुरुवात केली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात रानटी म्हशींवर त्यांनी दीर्घकाळ चाचण्या घेतल्या. ही म्हैस म्हणजे एकोणिसाव्या शतकात आशियातून तिकडे नेलेली आणि मग मोकाट झालेली, आपल्या गोठ्यातल्या म्हशीचीच जात. तिच्या बरगड्या रुंद, जाड आणि एकमेकींना खेटून असतात. नुकत्याच मारलेल्या जनावरावर वेगवेगळे बाण मारायचे, प्रत्येक बाण किती आत गेला ते मोजायचे, फाळ वाकला का मोडला ते लिहून ठेवायचे, अशी त्यांची पद्धत होती.

या कामाचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. बहुतेक कंपन्या फाळाची परीक्षा जिलेटिनच्या ठोकळ्यावर किंवा फोमच्या लक्ष्यावर घेतात. जिलेटिनला कातडे नाही, केस नाहीत, बरगड्या नाहीत. ॲशबींनी खऱ्या हाडामांसावर मोजमाप केले आणि अपयशी बाणांचीही नोंद ठेवली. त्यांच्या यादीत बाण खोल जाण्यासाठी बारा घटक आहेत आणि त्यांत पहिला मान आहे मजबुतीला: बाण आणि फाळ मोडता कामा नये. दुसरा मान बाणाच्या सरळ उड्डाणाला. हे दोन्ही मुद्दे कोणत्याही सूत्राविना पटणारे आहेत. अरुंद, लांबट, दोन पात्यांचा फाळ कमी जोरात आत शिरतो, हे त्यांचे निरीक्षण तर उतरणीच्या पाठाचेच उदाहरण आहे. उतरण जितकी लांब आणि उंची जितकी कमी, तितका यांत्रिक फायदा जास्त. पाचर ठोकणारा सुतार हे जाणतो.

आमची तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. ॲशबींनी ऊर्जेला सिंहासनावरून उतरवले आणि तिथे संवेगाला बसवले. सोबत एक आकडाही आला: जड हाड फोडायचे तर बाणाचे वजन निदान ६५० ग्रेन, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम, हवे. त्यांच्या अनुयायांनी हा आकडा मंत्रासारखा उचलला. एका आकड्याच्या पूजेतून सुटलेली माणसे दुसऱ्या आकड्याच्या पूजेला लागली.

हा वाद नवा नाही. गतीचे ‘खरे’ माप संवेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर देकार्त आणि लायब्निट्स यांच्या अनुयायांत फार मोठे भांडण झाले. लायब्निट्सने १६८६ साली त्याला तोंड फोडले. १७२० च्या दशकात हॉलंडमधील ख्राव्हेसांडे याने मऊ मातीवर पितळी गोळे टाकून दाखवले, की खळगा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुढे दोन्ही पक्षांच्या ध्यानात आले, की दोन्ही मापे खरी आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. विरोध करणारे बल किती अंतरभर लागले हे विचारले तर उत्तर ऊर्जेत मिळते. किती वेळ लागले हे विचारले तर संवेगात.

बाणाला हेच लावून पाहू. एकाच धनुष्यातून २६ ग्रॅमचा आणि ४२ ग्रॅमचा असे दोन बाण सोडले आणि दोघांना सारखीच ऊर्जा मिळाली असे धरू. (प्रत्यक्षात जड बाणाला ती थोडी जास्त मिळते.) जड बाणाचा वेग सेकंदाला ६७ मीटर येईल आणि त्याचा संवेग हलक्या बाणापेक्षा सुमारे २७ टक्के जास्त असेल. आता समोरच्या पदार्थाचा रोध वेगावर अवलंबून नसेल, म्हणजे ख्राव्हेसांडेच्या मातीसारखा असेल, तर दोन्ही बाण सारखेच खोल जातील. रोध वेगाच्या प्रमाणात वाढत असेल तर खोली संवेगाच्या प्रमाणात राहील आणि जड बाण २७ टक्के जास्त आत जाईल. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असेल तर मुख्यतः वस्तुमानच खोली ठरवील आणि जड बाणाचा फायदा आणखी वाढेल.

म्हणजे ‘ऊर्जा की संवेग’ हा प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारायला हवे, की कातडे, बरगडी, ओले फुप्फुस यांचा रोध वेगानुसार कसा बदलतो? शरीरात हे सगळे एकामागून एक येते, त्यामुळे एकच सूत्र सर्वत्र लागू पडेल अशी अपेक्षाच चूक. जड बाण अधिक आत गेला हे ॲशबींचे निरीक्षण आम्ही मान्य करतो. त्याचे श्रेय संवेग नावाच्या एका राशीला देणे हा मात्र निरीक्षणापलीकडचा निष्कर्ष आहे. शिवाय बारा घटक एकमेकांत गुंतलेले असतात. बाण जड केला की त्याची दांडी बदलते, वजन पुढे सरकते, फाळही बहुधा बदलतो. एक बदलताना बाकीचे अकरा स्थिर ठेवले नाहीत, तर त्यांचा क्रम लावता येत नाही.

जड बाणाची किंमतही मोजावी लागते. शिकाऱ्याने ३० मीटर अंतर धरून नेम घेतला आणि हरीण खरे तर ३३ मीटरवर असले, तर हलका बाण सुमारे ७ सेंटिमीटर खाली लागेल, जड बाण सुमारे ११ सेंटिमीटर. म्हशीच्या छातीवर हे चार सेंटिमीटर काहीच नव्हेत. लहान हरणाच्या बाबतीत फुप्फुस आणि पोट यांतला फरक कधी कधी तेवढाच असतो.

आता विरुद्ध बाजूचा पुरावा. मेरीलँड राज्यातील इंडियन हेड येथील नौदलाच्या जागेत १९८९ पासून दोन दशकांहून अधिक काळ शिकाऱ्यांनी बाण लागलेल्या प्रत्येक हरणाची नोंद केली. स्थिर पात्यांच्या फाळांनी १,०६६ हरणांना बाण लागले. त्यांपैकी ८७४ सापडली, म्हणजे ८२ टक्के. आदळताच पाती उघडणाऱ्या यांत्रिक फाळांनी २३० हरणांना बाण लागले. त्यांपैकी २०९ सापडली, म्हणजे सुमारे ९१ टक्के. उघडणारा फाळ उघडण्यातच काही ऊर्जा घालवतो, त्याचे सांधे कमकुवत असतात आणि तिरका आदळला तर तो घसरू शकतो. ॲशबींच्या कसोटीवर तो नापास होतो. तरी इथे तो पुढे आहे!

या आकड्यांनी ॲशबी खोटे ठरले काय? मुळीच नाही. म्हशीच्या बरगडीशी गाठ असली तर अरुंद आणि मजबूत फाळ हवा. पातळ बरगड्यांच्या हरणात आत शिरणे सोपे असते, तिथे रुंद जखम उपयोगी पडते. उडताना पाती मिटलेली असल्याने यांत्रिक फाळाला वारा कमी लागतो आणि नेम चांगला बसतो, हेही कारण असू शकेल. आणि हेही विसरू नये, की कोणी कोणता फाळ वापरायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्याने त्याने आपल्या आवडीने फाळ निवडला. यांत्रिक फाळ घेणारे शिकारी अधिक कुशल असतील, त्यांची धनुष्ये वेगळी असतील. फरक फाळाचा की माणसाचा, हे या आकड्यांतून पूर्णपणे वेगळे करता येत नाही.

पण त्या नोंदींतला एक आकडा कोणत्याही पक्षाच्या जाहिरातीत येत नाही. १,२९६ पैकी २१३ हरणे बाण लागूनही सापडली नाहीत. त्यांतली काही बरी झाली असतील, काही तडफडून मेली असतील. फाळ चांगला की वाईट, हे ठरवण्याचे खरे माप हे आहे. ज्यूल आणि ग्रेन ही मापे सोयीची, कारण ती दुकानात बसून मोजता येतात. न सापडलेली हरणे मोजायला वर्षानुवर्षे प्रामाणिक नोंद ठेवावी लागते. आम्हाला या सगळ्या साहित्यात ॲशबींच्या मोडक्या बाणांच्या नोंदी आणि इंडियन हेडच्या या वह्या सर्वांत मोलाच्या वाटल्या, आणि दोन्हींवरून काढलेली घोषवाक्ये सर्वांत कमी मोलाची.

शिक्षकांना यातून वर्गासाठी दोन साधे प्रयोग मिळतात. सारख्या आकाराच्या दोन गोट्या घ्या, एक काचेची आणि एक पोलादी. पोलादी गोटी सुमारे तिप्पट जड असते. ती ३० सेंटिमीटरवरून आणि काचेची ९० सेंटिमीटरवरून मऊ शाडूवर टाका आणि खळगे मोजा. ऊर्जा सारखी, संवेग वेगळे; खळगे जवळपास सारखे येतात. मग सारख्या वजनाच्या दोन पेन्सिली घ्या, एक टोकदार आणि एक बोथट. शाडूवर ओला कागद पसरून दोन्ही एकाच उंचीवरून सरळ उभ्या सोडा. इथे ऊर्जाही सारखी आणि संवेगही सारखा. तरी खोली वेगळी का आली, हे मुलांना विचारा. सूत्रात टोकाला जागाच नव्हती, हे एखाद्या मुलाने आपणहून सांगितले, तर त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असे समजायला हरकत नाही.