‘देवराई’ आणि दोषी शोधण्याची खोड

घरातले माणूस भ्रमिष्टासारखे वागू लागले की नातेवाइकांत पहिली कुजबुज होते ती ‘हे कुणाकडून आले?’ अशी. आईच्या माहेराकडे बोट दाखवले जाते, वडिलांच्या घराण्यातला विसरलेला काका उकरून काढला जातो, आणि धाकट्या बहिणीचे लग्न अडते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट पुन्हा पाहावा तो या प्रश्नाच्या उजेडात.

सोलापूरकरांना त्याचे अगत्य थोडे अधिक. शेषची भूमिका करणारे अतुल कुलकर्णी येथल्या हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी. ‘नाट्य आराधना’ या येथल्याच हौशी संस्थेत त्यांनी नाटके केली. वेड म्हणजे आरडाओरडा, हा आपल्या रंगभूमीचा जुना संकेत त्यांनी दूर ठेवला आहे. त्यांचा शेष बुद्धिमान आहे, लोभस आहे, आणि म्हणूनच त्याचे तुटत जाणे पाहवत नाही.

पण कथेची मांडणी पाहा. गावच्या देवराईचा ध्यास, मामे-चुलत नात्यातल्या कल्याणीविषयी मनाचा गोंधळ, वाया जाणारे गुण, आणि मग आजार. दिग्दर्शकांनी तसे म्हटले नसले तरी प्रेक्षक या घटनांची साखळी जोडतो आणि ‘म्हणून त्याला वेड लागले’ असे समजून घरी जातो. कथेला कारण हवे असते. शोकांतिकेला तर अपराधही हवा असतो.

विज्ञान मात्र अलीकडे निराळेच सांगते. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डच्या पुठ्ठ्यांवरील भोकांवरून उमटते. जुन्या पुठ्ठ्यावरून नवा उतरवताना एखादे भोक भलत्या जागी पडले, तर मुळात नव्हते असे काही चादरीत येते. त्याबद्दल विणकराच्या आजोबांना बोल लावून काय उपयोग? माणसाच्या अनुवंशातही असेच घडते. आईबापांपैकी कोणातही नसलेले साठ-सत्तर सूक्ष्म बदल सामान्यतः प्रत्येक नवजात बालकात असतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. वडिलांच्या वयाबरोबर त्यांची संख्या वाढते. २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी, घराण्यात स्किझोफ्रेनिया नसलेले रुग्ण आणि त्यांचे आईबाप यांची तपासणी केली. गुणसूत्राचा तुकडा गळणे किंवा दुप्पट होणे, असे नवे बदल या रुग्णांत निरोगी माणसांपेक्षा सुमारे आठपट आढळले. बाविसाव्या गुणसूत्राचा एक ठराविक तुकडा गळालेल्या दर चौघांपैकी सुमारे एकाला हा आजार होतो. आणि दहांतल्या नऊ जणांत ही गळती नव्यानेच झालेली असते.

हे सर्व रुग्णांना लागू नाही. बहुतेकांत आईबापांकडून आलेले असंख्य बारीक बदल आणि परिस्थिती यांचे मिश्रण असते. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला आजार झाला तरी दुसरा निम्म्याहून अधिक वेळा सुटतो. अनुवंश आहे, पण ती शिक्षा नव्हे. आणि कधी कधी घराण्याचा संबंध नाममात्रही नसतो.

अशा आजाराची कथा लिहायची कशी? ज्या दुःखाला पूर्वपाप नाही, ते रसिकांना कसे पटवायचे? मला वाटते, ‘देवराई’ उत्तरार्धात हे साधतो. बहीण सीना शेषला आपल्या घरी आणते, आजाराचे नाव कळते, नवऱ्याची कुचंबणा होते. येथे ‘का झाले’ मागे पडते आणि ‘आता कसे राहायचे’ हा प्रश्न पुढे येतो. सोनाली कुलकर्णी यांनी सीनाची माया आणि तिचा वैताग दोन्ही लपवलेली नाहीत. पूर्वार्धातली प्रतीके सुंदर आहेत. पण हा चित्रपट मोठा होतो तो या साध्या घरगुती भागात.

दिवाळीत चार घरची माणसे एकत्र येतात, सोयरिकींच्या गोष्टी निघतात. ‘त्यांच्याकडे वेड आहे म्हणे’ असे कोणी म्हणाले, तर निदान एवढे विचारावे, की त्या घरातल्या सीनेची विचारपूस कोणी केली आहे का?