दुरुस्ती कोठे करावी : लिपीत, यंत्रात की आज्ञावलीत?

संगणकाचा स्मृतिफलक सदोष निघाला, की अभियंत्यापुढे दोन मार्ग उरतात. आज्ञावलीत सोय करून सदोष जागा टाळावयाची, किंवा फलकाची रचनाच नव्याने करावयाची. पहिला मार्ग स्वस्त व तात्काळ. दुसरा खर्चाचा, परंतु मूळ दोषाला हात घालणारा. भाषाभ्यासकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. गेल्या शतकातील देवनागरी लिपिसुधारणेची चळवळ बव्हंशी याच वादात गुंतली होती, आणि तिचा निवाडा अनेकदा चुकीच्या पायावर झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

देवनागरीला शेकडो खिळे लागतात. टंकलेखन यंत्राला मात्र पन्नासाहूनही कमी कळा. ही विसंगती दिसताच सुधारकांनी दोष लिपीच्या माथी मारला. सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशी अ-ची बाराखडी पुरस्कारिली, व ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती छापूनही दाखविली. १९५३च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली. ती लोकांच्या पचनी पडली नाही आणि पुढे मागे घ्यावी लागली. सावरकरांच्या सूचनेमागे शिकणाऱ्या मुलाची सोय हाही हेतू होता, हे नमूद करणे न्यायाचे होईल. परिषदेच्या वेलांटीचे तसे समर्थन करणे कठीण आहे. यंत्राच्या दारिद्र्यासाठी कोट्यवधींच्या हाताचे वळण बदलावयाचे, असा तो हिशेब होता.

पुढे काय घडले ते उद्बोधक आहे. आयआयटी कानपूर येथे आरंभ होऊन पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) प्रसृत केलेले ‘जिस्ट’ कार्ड हा संगणकात बसवावयाचा स्वतंत्र फलक होता. कालांतराने तेच कार्य निव्वळ आज्ञावली करू लागली. १९९१च्या इस्की या भारतीय मानकाने व तदनंतर युनिकोडने अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविण्याचे तत्त्व स्वीकारले. ‘कि’ लिहिताना स्मृतीत प्रथम क, मग वेलांटी. पडद्यावर ती डावीकडे आणण्याचे काम दर्शनाचा नियम करतो. ज्या वेलांटीसाठी परिषदा भरल्या तिचा प्रश्न एका नियमाने सुटला. तो तसा सुटू शकला याचे कारण भाषाशास्त्रीय आहे : वेलांटी डावीकडे असो वा उजवीकडे, त्याने अर्थभेद होत नाही. जो भेद अर्थघटक नाही तो दर्शनावर सोपविता येतो. ल व श यांच्या मराठी वळणांचेही तसेच. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने वळणे ठरविली; ती टंकात उतरली म्हणजे झाले, संकेतांकाला धक्का लावण्याचे कारण नाही.

आता उलट उदाहरण घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. एकात रफार, दुसऱ्यात भुवईसारखा आडवा अर्धा र. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोडीत तर गुरू आणि स्वयंपाकी यांच्यातले अंतर आहे. हा भेद अर्थघटक आहे. म्हणून तो स्मृतीतच निःसंदिग्ध नोंदला गेला पाहिजे होता. प्रत्यक्षात त्याला दोन वाटा मिळाल्या. एक, मुळात द्राविडी भाषांतील र-च्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची, दुसरी, साध्या र-ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देण्याची. पडद्यावर दोन्ही सारख्या दिसतात, पण युनिकोडच्या प्रमाणीकरणात त्या एकरूप होत नाहीत. शेवगाव तालुक्यातील कऱ्हेटाकळी हे नाव एका यादीत एका वाटेने व दुसरीत दुसऱ्या वाटेने उतरले, तर काटेकोर शोधाला ती दोन गावे ठरतात. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या संशोधकाला एकाच शब्दाच्या दोन नोंदी मिळतात, आणि डोळ्यांनी तपासूनही चूक सापडत नाही. त्याहून घातक गोष्ट अशी, की काही आज्ञावल्या ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळतात. मग अर्ध्या र-चा रफार होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या बनतो.

येथे मूळ रचनाच बदलावी, असे कोणी म्हणेल. तो मार्ग बंद आहे. एकदा मानकात आलेले वर्ण काढता येत नाहीत, हे युनिकोडचे घोषित धोरण आहे. आणि ते योग्यही आहे, कारण नाहीतर जुने सर्व लेखन निराधार होईल. तेव्हा उरते ती आज्ञावलीतील दुरुस्ती. मात्र ती दर्शनाच्या पातळीवर करून भागणार नाही, कारण दर्शन आधीच निर्दोष दिसते आहे. ती कळफलकात व शोधयंत्रात झाली पाहिजे : लिहिताना ‘ऱ’ची वाट एकच ठेवावी, शोधताना दोन्ही एक मानाव्यात. विभागातील विद्यार्थ्यांनी आपल्या संगणकीय पाठसंग्रहावर कोणतीही गणना करण्यापूर्वी जोडचिन्हयुक्त र प्रथम ‘ऱ’मध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि ही क्रिया केल्याची नोंद प्रबंधात करावी.