‘तृतीय रत्न’चा शेवट आणि प्रौढांची रात्रशाळा

जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचा विचार बहुधा जोशाने चालविलेल्या फसवणुकीपाशी थांबतो. कुणबी आणि त्याची गरोदर बायको रात्रशाळेची वाट धरतात, हा शेवट मात्र प्रचारार्थ जोडलेली पुरवणी समजून सोडून देण्यात येतो. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही.

शाळा उघडली म्हणजे शिक्षण सुलभ झाले, ही समजूत प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात आजही आढळते. नाटकाची रचना तिच्या उलट दिशेने जाते. ग्रहपीडेचे भय घालून जोशी कुणब्याच्या घरात शिरतो आणि अनुष्ठान, ब्राह्मणभोजन यांच्या निमित्ताने त्यास ऐपतीबाहेरच्या खर्चात उतरवितो. दिवस कष्टात जातो आणि त्या कष्टाचे फळ भयापोटी दुसऱ्याच्या घरी पोचते. अशा माणसास नुसता शाळेचा पत्ता सांगून काय होणार? विदूषक मध्येमध्ये बोलतो तो विनोदासाठी थोडा, प्रेक्षकास हा हिशेब दाखविण्यासाठी अधिक. पाद्र्याशी झालेल्या संवादानंतर भय फिटते; शाळेचा निश्चय त्यापुढचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रौढ मनुष्य शिकण्यास राजी होतो तो अक्षराच्या ओढीने क्वचितच. अक्षर नसल्यामुळे आपण किती लुबाडले गेलो हे उमगल्यावर होतो. ती शाळा रात्रीची आहे हेही सहेतुक आहे. नाटक लिहिले त्याच, म्हणजे १८५५ साली, फुले दाम्पत्याने पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती.

नाटकात दोष नाहीत असे नव्हे. पाद्र्याचे युक्तिवाद लांबतात, आणि कुणब्यास ते फार लवकर पटतात. शिवाय पडदा पडतो तो शाळेच्या अलीकडेच. दिवसभराच्या कामानंतर, आणि उद्या मूल झाल्यावर, ही बाई त्या वर्गात कशी टिकणार? तिच्या गरोदरपणावरच कथानक उभे असल्यामुळे हा प्रश्न आगंतुक मानता येत नाही. तो अनुत्तरित राहतो.

दक्षिणा प्राइज कमिटीत भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियनांचे काही चालले नाही, असे फुले यांनीच ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद केले आहे. नाटक छापले गेले १९७९ साली. ज्या रात्रशाळेकडे ते बोट दाखविते, तेथे अक्षर गिरविणाऱ्या पिढीला ते छापील रूपात वाचता आले नाही.